वही, बटवा आणि मधली खिडकी

बाजाराच्या आवारात पोती वाहणारे आमचे एक हमालबंधू एका संध्याकाळी माझ्याकडे आले आणि त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर बिटकॉइनच्या नावाने एक आकडा होता आणि तो दररोज वाढत होता. घातलेली रक्कम तिपटीवर गेली असे ते यंत्र सांगत होते. परंतु पैसे काढावयास गेले की 'आधी कराची रक्कम भरा' असा निरोप येई. मी वेतनाचे तक्ते आणि कामगार कायद्याची पुस्तके यांवर शिकलेला माणूस. बिटकॉइनचे मला त्या वेळी नावापलीकडे काही ठाऊक नव्हते. तथापि तीस वर्षे हमाल-मापाऱ्यांच्या हिशोबपट्ट्या पाहण्यात गेल्यामुळे एक प्रश्न मनात आपोआप उभा राहिला : हा आकडा कोणत्या वहीतून वाचलेला आहे? ज्या तरुणाने त्यांना या व्यवहारात घातले होते त्यालाही मी तेच विचारले. त्याने पडद्याकडेच बोट दाखविले. पैसे अर्थातच परत आले नाहीत.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी ज्या इतिहासापाशी येऊन पोहोचलो तो येथे सांगावयाचा आहे. वाशीमकरांपुढे इतिहास म्हणजे वत्सगुल्माच्या वाकाटकांपासून आरंभ, अशी आपल्याकडे चाल आहे. माझा इतिहास पुरता वीस वर्षांचाही नाही, आणि तो घडला आहे संगणकाच्या आज्ञावलीत. परंतु त्याचे मर्म आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही, हे दाखविण्यासाठी मला आधी कारंज्याला जावे लागेल.

आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्यास १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. हिंदुस्थानातील असा पहिला बाजार तो हाच. वऱ्हाड हा मुलूख निजामाचा, पण १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे, म्हणून हुकूम रेसिडेंटचा. हे सारे शेतकऱ्याच्या कळवळ्याने झाले असे कोणास वाटत असेल तर त्याने मँचेस्टरच्या गिरण्यांची आठवण ठेवावी. त्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावाने हवा होता. पुढे १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच झाला, आणि दलाल व मापारी यांनी परवाना घेऊन काम करावे अशी व्यवस्था रूढ झाली.

हेतू कोणाचाही असो, या व्यवस्थेत एक शहाणपण होते. एकाच माणसाने माल घ्यावयाचा, त्यानेच तोलावयाचा, कडता त्यानेच धरावयाचा आणि वहीही त्यानेच लिहावयाची, अशा कारभारात लबाडी नसली तरी चूक कोठे झाली हे कोणालाच दाखविता येत नाही. मापारी निराळा काढला की तोलाची जबाबदारी त्याच्याकडे आली. पण नुसती माणसे निराळी करून भागत नाही. त्यांच्यामध्ये देवाणघेवाणीची ठरलेली वाट लागते, आणि ती वाट म्हणजे काटापट्टी. मापाऱ्याने वजन चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी अडत्याकडे जावी. अडत्याला काट्याला हात लावण्याचे कारण नाही. मापाऱ्याला भाव विचारण्याचे कारण नाही. चिठ्ठीवर जेवढे आहे तेवढेच एकाकडून दुसऱ्याकडे जाते. संगणकाच्या क्षेत्रात या काटापट्टीला इंटरफेस म्हणतात. मी तिला खिडकी म्हणणार आहे. भिंत दोघांना वेगळे ठेवते आणि खिडकी त्यांना ठरल्यापुरते बोलू देते.

(भिंती घातल्या की न्याय झाला असे मात्र नव्हे. त्या जुन्या बाजारांच्या समित्यांवर व्यापाऱ्यांचेच प्राबल्य होते. आज १९६३ च्या कायद्याखालील बाजारसमितीत अठरा जागांपैकी हमाल-मापाऱ्यांची जागा एक. ती एक असण्यासाठी काय काय करावे लागले हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.)

आता बिटकॉइन. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्या नावामागे कोण आहे हे आजवर सिद्ध झालेले नाही. ३ जानेवारी २००९ ही वहीच्या पहिल्या पानाची तारीख, आणि थोड्याच दिवसांत ती वही चालविणारी आज्ञावली सर्वांना खुली झाली. कल्पना अशी की पैशाची वही बँकेच्या स्वाधीन न करता ज्याला हवी त्याने तिची पूर्ण प्रत आपल्या संगणकात ठेवावी. नवे पान आले की त्यातील प्रत्येक नोंद नियमांवर घासून पाहावी, आणि पटले तरच ते आपल्या वहीस जोडावे. असे करणाऱ्या संगणकाला नोड म्हणतात. नियम सर्वांचे तंतोतंत एक हवेत. कारण निवाडा करणारा वरिष्ठ कोणी नाही. दहा हजारांनी एक पान स्वीकारले आणि दहा हजारांनी नाकारले तर वही फाटून तिच्या दोन वह्या होतात.

या वहीत कोणाच्या नावाचे खाते नसते, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. तीत असतात अद्याप न वटविलेल्या हुंड्या. अमुक रकमेची हुंडी, अमुक किल्लीने सही होईल तीच ती वटवू शकेल, एवढेच तेथे लिहिलेले असते. ती किल्ली ज्यात ठेवतात त्याला वॉलेट म्हणजे बटवा म्हणतात. नाव बटवा असले तरी त्यात नाणे नसते, किल्ल्यांचा जुडगा असतो. आपली शिल्लक किती हे बटव्याला स्वतःहून कळत नाही. त्याने वहीकडे जाऊन आपल्या किल्ल्यांच्या न वटलेल्या हुंड्या शोधावयाच्या आणि त्यांची बेरीज करावयाची. पडद्यावरचा आकडा ही ती बेरीज होय.

म्हणजे कामे निरनिराळी झाली : इतर नोडांशी बोलणे, पाने तपासणे, किल्ल्या सांभाळणे, पडदा रंगविणे, आणि पाच म्हणजे नवे पान तयार करण्याची ती गणिती शर्यत, जिला खाणकाम असे विचित्र नाव पडले आहे. २००९ च्या आज्ञावलीत ही पाचही कामे एका घरात, किंबहुना एका खोलीत चालत. 'मेन' नावाची एक फाइल होती. तीत वहीचे नियमही होते आणि शेजाऱ्यांशी बोलण्याची भाषाही होती. बटव्याच्या कोडाने हवे तेव्हा वहीत हात घालावा, पडद्याच्या कोडाने बटव्यात घालावा. दोघे एकाच वेळी एका पानावर लिहू नयेत म्हणून जे कुलूप होते तेही सगळ्या घराला मिळून जवळजवळ एकच. दोष देण्याचा माझा हेतू नाही. नव्या संसारात एकाच खोलीत चूल, देव आणि पाहुणे असतात. पण वस्ती वाढली. २०१० च्या अखेरीस नाकामोतो सार्वजनिक चर्चेतून दिसेनासा झाला, आणि घर इतरांनी पुढे चालविले. २०११ च्या नोव्हेंबरात पडद्याचा जुना भाग काढून नवा बसविला; पडद्याशिवाय चालणारा नोड त्याआधीच वेगळा उभा राहिलेला होता. ही पहिली भिंत. आणि पडदा बदलणे हे काम तुलनेने सोपे होते.

खरी किंमत कळली २०१३ साली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ०.८ ही आवृत्ती आली. तोवर वहीची अनुक्रमणिका बर्कली डीबी या नावाच्या तयार कपाटात ठेवीत असत. नव्या आवृत्तीने ते कपाट काढून लेव्हलडीबी नावाचे वेगवान कपाट आणले. कपाट म्हणजे कपाट; वही कोणत्या कपाटात ठेवली याचा वहीतील नियमांशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. बनविणाऱ्यांनाही तसेच वाटले. ११ मार्च रोजी खाणकाम करणाऱ्या कोणी एकाने पुष्कळ नोंदींचे एक मोठे पान तयार केले. क्रमांक २२५४३०. नियमांप्रमाणे ते पान पूर्णतः वैध होते. नव्या आवृत्तीच्या नोडांनी ते घेतले. जुन्या आवृत्तीच्या अनेक नोडांनी ते नाकारले. कारण जुन्या कपाटात एका वेळी किती कप्प्यांना कुलूप लावता येईल याला एक मर्यादा होती, आणि हे पान त्या मर्यादेपलीकडे गेले. ही मर्यादा नाकामोतोच्या निबंधात नव्हती आणि नियमांच्या कोणत्याही यादीतही नव्हती. कपाट बनविणाऱ्याने आपल्या सोयीसाठी ठेवलेली एक संख्या चार वर्षे पैशाचा कायदा होऊन बसली होती आणि कोणास त्याचा पत्ता नव्हता!

वही फाटली. काही तास जगात दोन बिटकॉइन होते. गमतीची गोष्ट अशी की खाणकामाचे अधिक बळ नव्या वहीकडे होते. केवळ बळावर निकाल लावला असता तर तीच चालली असती. पण दुकानदार व सामान्य वापरणारे बहुतेक जुन्या आवृत्तीवर होते. तेव्हा ज्यांनी ती आज्ञावली सांभाळली त्यांनी आपसांत बोलून असे ठरविले की खाणकाम करणाऱ्या मोठ्या संघांनी जुन्या आवृत्तीवर परत यावे. ते आले, आणि नव्या वहीत लागलेली सुमारे चोवीस पाने, त्यांवरील प्रत्येकी पंचवीस बिटकॉइनच्या मिळकतीसह, सोडून देण्यात आली. दरम्यान एका व्यवहारात तेच पैसे दोनदा खर्चिले गेले. पुढे मुदत घालून, १५ मे २०१३ पासून, ती जुनी मर्यादा सर्वांसाठी उठविण्यात आली.

संपाच्या बैठका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. बळ आपल्या बाजूला असता मागे या असे सांगणे, आणि लोकांनी ते ऐकणे, याची किंमत मला कळते. त्या रात्री मागे येणाऱ्यांनी स्वतःची मिळकत सोडली, ही गोष्ट बिटकॉइनच्या भावाच्या बातम्यांत कोठे सापडत नाही.

यानंतर भिंती घालण्याचे काम नेटाने सुरू झाले. मार्च २०१४ च्या ०.९ आवृत्तीत आज्ञावलीचे नाव 'बिटकॉइन कोअर' झाले आणि बटवा मुळीच न बसविता नोड बांधण्याची सोय झाली. २०१५ साली नियमांचा एक तुकडा, सही व अटी तपासण्याचा, स्वतंत्र ग्रंथालय म्हणून बाहेर काढला. परंतु बाकीचे नियम घरातच राहिल्यामुळे त्या तुकड्याचा उपयोग फार झाला नाही आणि २०२४ च्या आवृत्तीत तो काढूनही टाकला. २०१६ साली घरातले खाणकाम बंद झाले. तोवर ते साध्या संगणकाने करण्याचे काम राहिलेही नव्हते. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती 'मेन' नावाची हजारो ओळींची फाइल फोडण्यात आली. पाने तपासण्याचा कोड एका फाइलीत गेला, शेजाऱ्यांशी बोलण्याचा दुसरीत.

ही फोड कशी करतात ते सांगण्यासारखे आहे. चालत्या घरात भिंत घालताना एखादी वीट नकळत बदलली तर २०१३ ची पुनरावृत्ती व्हावयाची. म्हणून तेथे अशी शिस्त आहे की ज्या बदलात कोड फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवावयाचा त्यात दुसरे काहीही करावयाचे नाही, आणि तसे ठळकपणे जाहीर करावयाचे. मग तपासणारे इतर लोक जुन्या जागेच्या ओळी व नव्या जागेच्या ओळी ताडून पाहतात. एका गुदामातून दुसऱ्या गुदामात पोती हलविताना दोन्ही दारांशी मोजणी करावी, त्यातलाच हा प्रकार. असे काम केल्याने पडद्यावर काहीही नवे दिसत नाही, आणि म्हणून त्याचे कौतुकही होत नाही. दुरुस्तीचे काम करणाऱ्या कामगारांचे दुःख जगभर सारखेच आहे.

परंतु भिंतीचाही एक धोका आहे आणि तो मी लपविणार नाही. एका खोलीत सर्वजण असतात तेव्हा सर्वच पाहतात. दोन खोल्या झाल्या की हे त्याने पाहिले असेल असे दोघांनाही वाटू लागते. २०१७ च्या मार्चात आलेल्या ०.१४ आवृत्तीत, वेग वाढावा म्हणून, एक तपासणी गाळण्यात आली होती. एकाच नोंदीत एकच हुंडी दोनदा तर लावलेली नाही ना, ही ती तपासणी. सुटी नोंद आली की ती होत असे. परंतु पान तपासताना ती पुन्हा करण्याची गरज नाही, पुढल्या टप्प्यात असली नोंद सापडेलच, असे मानले गेले. पुढल्या टप्प्याने मात्र ते काम कधी अंगावर घेतलेच नव्हते. परिणाम असा की त्या आवृत्तीत अशा पानाने नोड बंद पडला असता, आणि नंतरच्या आवृत्त्यांत तर खाणकाम करणाऱ्याला शून्यातून पैसा निर्माण करता आला असता. ज्या वहीची सारी प्रतिष्ठा दोन कोटी दहा लाखांच्या वर नाणे होणार नाही या वचनावर उभी, तिच्यात हे भगदाड दीड वर्ष होते. सप्टेंबर २०१८ मध्ये ते एका प्रतिस्पर्धी नाण्याच्या गोटातील माणसाच्या ध्यानात आले. त्याने ते गुपचूप वापरले नाही, कळविले; आणि लगेच दुरुस्ती प्रसिद्ध झाली. बिटकॉइनच्या वहीत त्याचा गैरफायदा कोणी घेतलेला आढळला नाही.

म्हणून नुसत्या भिंतीपेक्षा खिडकी महत्त्वाची. काय विचारता येईल, काय उत्तर मिळेल आणि कोणती जबाबदारी कोणाची, हे खिडकीवर लिहिलेले असले पाहिजे. हे काम २०१७-१८ पासून रसेल यानोफ्स्की या प्रोग्रामरने चिकाटीने पुढे नेले. त्याचा प्रस्ताव असा की नोड, बटवा आणि पडदा यांना शेवटी तीन स्वतंत्र प्रक्रियांत बसवावयाचे, म्हणजे पडदा कोसळला तरी वही चालू राहील आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या भागाला किल्ल्या दिसणार नाहीत. त्यासाठी आधी खिडक्या हव्यात. २०१८ साली अशा तीन खिडक्या कोडात आल्या. 'नोड' व 'वॉलेट' या दोन खिडक्यांतून पडदा बोलतो. 'चेन' नावाच्या तिसऱ्या खिडकीतून बटवा वहीशी बोलतो. वहीचे शेवटचे पान कोणते? अमुक पान तुझ्यापाशी आहे काय? ही माझी सही केलेली नोंद, ती शेजाऱ्यांना पाठव. अशा ठरीव प्रश्नांची ती यादी आहे. यादीत नाही ते बटव्याला विचारता येत नाही. पूर्वी तो सरळ कपाट उघडून बघत असे!

काम संपलेले नाही. पाने तपासण्याचे सर्व नियम एका गाभ्यात आणून तो घराच्या बाकी भागांपासून सोडवावयाचा, असा उद्योग कार्ल डाँग याने २०२१-२२ च्या सुमारास हाती घेतला आणि पुढे इतरांनी चालविला. ऑक्टोबर २०२५ च्या ३० व्या आवृत्तीत खाणकामाच्या बाहेरच्या आज्ञावलीला नोडशी खिडकीतून बोलण्याची प्रायोगिक सोय झाली. बटवा आणि वही मात्र नेहमीच्या वापरात अद्याप एकाच छपराखाली नांदतात. मध्ये खिडकी आहे, पण घरे दोन झालेली नाहीत. प्रस्तावापासून आठ वर्षे झाली. कोणी या संथपणाला हसतात. १८८६ च्या हुकुमापासून आपल्या १९६३ च्या कायद्यापर्यंत सत्त्याहत्तर वर्षे लागली, हे ध्यानात घेता मला हसू येत नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. आपल्यापैकी जे या व्यवहारात पडतात त्यांतील फारच थोडे स्वतःचा नोड चालवितात. वही दुसऱ्याची, किल्ल्या दुसऱ्याच्या, आपल्या हातात फक्त पडदा. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या कंपनीच्या एका मोठ्या बटव्यातून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे तेवीस कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची, चोरी झाली. तो बटवा बिटकॉइनचा नव्हे, इथेरियमच्या वहीवरचा होता. त्याला एका किल्लीने उघडता येत नसे. सहा किल्ल्या होत्या, पाच कंपनीकडे आणि एक सांभाळणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे. बंदोबस्त वाईट नव्हता. कंपनीने त्या वेळी दिलेल्या निवेदनाप्रमाणे सही करणाऱ्यांना पडद्यावर जे दिसत होते आणि ज्यावर प्रत्यक्षात सही होत होती, त्यांत फरक होता. दुसऱ्या संस्थेने आपल्या यंत्रणेत बिघाड असल्याचे नाकारले. दोष कोणाचा यात मी पडत नाही. परंतु निवेदनाप्रमाणे पाहिले तर सही करणाऱ्यांनी चिठ्ठी एक वाचली आणि खिडकीतून दुसरीच गेली, असे झाले. हजारो ठेवीदारांचे पैसे त्या दिवसापासून दीर्घकाळ अडकून राहिले; त्यांच्या पडद्यावर मात्र शिल्लक दिसतच होती.

आमच्या हमालबंधूंच्या मोबाइलवरचा आकडा तर याहून साधा होता. त्याच्यामागे वहीही नव्हती, बटवाही नव्हता आणि खिडकी उघडावी अशी भिंतही नव्हती. कोणीतरी दूर बसून रंगविलेला तो नुसता पडदा होता. हे मी त्यांना काटापट्टीच्या दाखल्याने समजावून सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे भाऊ, मापारी नाही, काटा नाही, नुसतीच हिशोबपट्टी?" मी होय म्हणालो. ते ॲप त्यांनी अजून काढून टाकलेले नाही. परवा पाहिले तेव्हा आकडा आणखी वाढला होता.